परशाप्पांची बारीक वायर

परशाप्पा माणसाशी बोलण्याआधी त्याच्या शर्टाशी बोलायचे. वडगावात त्यांच्या माडीवरची खोली भाड्यानं बघायला मी गेलो, तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, नोकरी यातलं काहीएक विचारलं नाही. माझी बाही अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे धरली, दोनदा चोळली, उलटी करून आतली शिवण बघितली आणि घरात तोंड करून ओरडले, "अगं, पावणं बरं हायती. खरं कापडात फसल्याती!"

आमच्या सीमाभागात 'खरं' म्हणजे 'पण'. बाहेरचा माणूस या शब्दाला हटकून चकतो. मी निपाणीचाच असल्यानं मला अर्थ बरोबर कळला आणि बरोबर लागला. तो शर्ट मी बदलीच्या आनंदात मोठ्या हौसेनं घेतला होता. खोली मिळाली, पण त्या शर्टाला नंतर मी मनापासून इस्त्री अशी केली नाही.

परशाप्पांचं घर वडगावातल्या बाकीच्या विणकर घरांसारखंच होतं. लांबलचक आणि अरुंद. पुढं सोपा, मग चार पॉवरलूम टाकलेली मागाची खोली, तिच्यामागं स्वयंपाकघर आणि सगळ्यात शेवटी परड्याला लागून एक खोली. चारी माग सुरू झाले की माडीवरच्या माझ्या टेबलावरचा चहाचा कप आपला आपण कडेकडे सरकायचा. या आवाजात जन्म काढल्यामुळं परशाप्पांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. ते माझ्या कानाशी येऊन "कुणाला सांगू नगा" म्हणायचे आणि पुढचं जे काही सांगायचे ते समोरच्या घरातल्या इराप्पांना स्पष्ट ऐकू जायचं. कधीकधी उत्तरही तिकडूनच यायचं.

बोटांची खोड मात्र त्यांची स्वतःची होती. लग्नाची पत्रिका आली की कुणाचं लग्न हे नंतर, आधी कागद चोळायचा. शेवया, पापड, वर्तमानपत्र, बसचं तिकीट, कशालाही सुटका नव्हती. हळदीकुंकवाला बायका आल्या की पदराला हात लावता येत नाही म्हणून ते दारात उभे राहून नुसते डोळे बारीक करायचे आणि मग आक्का त्यांना मागाच्या खोलीत हाकलायच्या. आक्का म्हणजे त्यांची बायको, सगळ्या गल्लीची आक्का. "बोट खोटं बोलत न्हाय," असं परशाप्पा म्हणायचे. दुसरं एक वाक्य त्याहून जास्त वेळा ऐकू यायचं. "सैल काम ते खोटं काम." बाजेची नवार, गाठोड्याची गाठ, नातेवाइकांच्या लग्नातला मांडवाचा दोर, जिथं म्हणून काही सैल दिसेल तिथं ते थांबून ओढून घट्ट करायचे आणि मगच पुढं जायचे. माझ्या बुटाची नाडी त्यांनी एकदा इतकी आवळली की दुपारपर्यंत बँकेत मी लंगडत होतो.

या माणसाची एकुलती एक मुलगी अश्विनी. बेंगळूरच्या एका कंपनीत नोकरीला होती. कोरोनात ऑफिसं बंद झाली तेव्हा ती लॅपटॉप घेऊन घरी आली आणि मागच्या खोलीत बसून काम करायला लागली. पुढं ऑफिसं उघडली, सगळे परत गेले, पण हिला इथंच राहायचं होतं. आईच्या हातचं जेवण, स्वतःची खोली, संध्याकाळी गल्लीतल्या मैत्रिणी. तिनं वरच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, राहा, पण मीटिंगमधे तुझी लाइन सारखी तुटते ते चालणार नाही. महिनाभरात नीट झाली तर ठीक, नाहीतर इकडं यायचं.

परशाप्पांनी हे ऐकून खांदे उडवले. "जाईना का. बेंगळूर काय परदेश हाय व्हय?" असं ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. त्याच संध्याकाळी ते जिना चढून माझ्याकडं आले, दार लावून घेतलं, जे त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि विचारलं, "पावणं, ही लाइन न तुटायला काय करायचं?"

मी बँकेत कॉम्प्युटरपुढं बसतो, एवढ्या पुराव्यावर त्यांनी मला या विषयातला तज्ज्ञ ठरवलं होतं. मला पासबुक छापण्यापलीकडं काही येत नव्हतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून तसं सांगवेना. मी एवढंच म्हणालो की इंटरनेटचा डबा पुढं सोप्यात आहे, अश्विनी बसते मागं, आणि मधे तुमचं चार मागांचं लोखंड आणि दोन जाड भिंती. वायफाय तिथवर पोचता पोचता दमतं. डब्यापासून तिच्या टेबलापर्यंत वायर टाकायला हवी.

"वायर!" परशाप्पांचा चेहरा उजळला. "म्हंजे धागाच की हो!"

इंटरनेटवाल्या पोरांनी येऊन एक वायर टाकली. करंगळीएवढी जाड, करडी. भिंतीला भोक पाडून ती न्यायची म्हटल्यावर परशाप्पा आडवे आले. मागाची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत देवळी होती आणि देवाच्या भिंतीला भोक पाडायचं नाही, हे पक्कं. तेव्हा वायर दाराखालून गेली. झालं असं की दार बंद होईना, बोटभर उघडं राहायला लागलं. मागावर दिवसभर धाग्याचं पीस उडत असतं, ते त्या फटीतून थेट परातीत. दुसऱ्या दिवशी जेवताना आक्कांनी परशाप्पांच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "खावा. आज भाकरीला काठ बी हाय, पदर बी हाय."

तेव्हा बारीक वायर पाहिजे, असं ठरलं.

इथून पुढं जे झालं ते वडगावातच होऊ शकतं. अश्विनी मोबाइलवर वायरी बघत होती. बारीक, जाड, सगळ्या नंबरावर होत्या. चोवीस नंबर, अठ्ठावीस नंबर, बत्तीस नंबर. तिनं पायरीवर बसलेल्या बापाला हाक मारली, "आप्पा, बारीक पाहिजे तर कुठला नंबर घेऊ?"

धाग्याच्या नंबराचा प्रश्न! परशाप्पांना मान वळवून बघायचीही गरज वाटली नाही. "चोवीस," ते म्हणाले. "बत्तीस घेतलीस तर दोरखंड येईल बघ."

त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणू? परशाप्पा जन्मभर रेशमी साड्या विणत आलेले. आता ते रेशीम नकली असतं, पण मोजमाप तेच, डेनियर. डेनियरचा आकडा वाढला की धागा जाड होतो. मुलीनंही बापाच्या अधिकाराच्या विषयात शंका काढली नाही. पार्सल यायला आठवडा गेला. उघडलं तर आत आधीच्यासारखीच जाड वायर. दाराखाली घातली तर दार पुन्हा बोटभर उघडं.

समोरून इराप्पा आले. इराप्पा परशाप्पांचे लहानपणापासूनचे मित्र आणि तेवढेच जुने वैरी. ते हातमागावर सुती पंचे आणि टॉवेल विणायचे. पार्सलावरचा नंबर त्यांनी वाचला आणि पोट धरून हसायला लागले. "अरं परशा, नंबर वाढला की बारीक हुतंय रं! साधं सूत ठावं न्हाय व्हय तुला?"

इराप्पांचंही बरोबरच होतं. सुताचं मोजमाप उलटं. वीस नंबरचं सूत जाड, ऐंशीचं बारीक. वायरीचा नंबरही सुताच्याच चालीनं जातो, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. पण परशाप्पांच्या दृष्टीनं प्रश्न वायरीचा राहिलाच नाही. रेशीम खरं की सूत खरं, हा तो प्रश्न होता आणि तो त्या गल्लीत दोघांच्या आज्यापासून चालत आलेला होता.

"ही वायर काय पंचा हाय व्हय, सुतानं मोजायला?" परशाप्पा गरजले.

"मग काय साडी हाय? नेसणार हाय कोण?"

"शाना असशील तर गप बस, इराप्पा!"

"मी गप बसतो. तुझं दार लागतंय का बघ की आधी!"

आतून दाराच्या फटीतून आक्कांचा आवाज आला, "लागत न्हाय! लागत न्हाय!" अश्विनी हसत होती, पण मधेच तिनं मोबाइलवर तारीख बघितली आणि हसायची थांबली. परशाप्पांनी ते पाहिलं. त्यांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, "गाडी काढा, पावणं. गावात जाऊ. धागा बघून घ्यायचा असतोय, नंबर ऐकून न्हाय."

मी स्कूटर काढली. परशाप्पा मागं बसले. आम्ही वळणावर पोचतो तोवर इराप्पा सायकलवर आमच्यापुढं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "हा परत फसायला नगो म्हणून आलो," असं ते मला म्हणाले. मला वाटतं, त्यांनाही अश्विनी इथंच राहायला हवी होती. त्यांच्या घरात मुलगी नव्हती आणि ही लहानपणी त्यांच्या मागाखालीच खेळलेली होती.

दुकान कॉम्प्युटरच्या सामानाचं. दुकानदार तरुण, कानडी बोलणारा. परशाप्पांनी आत पाऊल टाकताच आवाज दिला, "सण्णदु कोडरी! बारीक द्या!" दुकानातली दोन गिऱ्हाइकं दचकून बाजूला झाली. दुकानदारानं तिन्ही नंबरच्या वायरी काढून काउंटरवर ठेवल्या आणि पुढचा वेळ तो नुसता बघत राहिला.

परशाप्पांनी प्रत्येक वायर अंगठ्याखाली घेऊन चोळली. बोटाला गुंडाळली, सोडली, किती उलगडते ते बघितलं. उजेडात धरली. एका टोकाला धरून लोंबकळती ठेवली. इराप्पांनी दोन्ही हातांनी ताणून बघितली. मग परशाप्पा ती दाताखाली धरायला निघाले तेव्हा दुकानदार खुर्चीतून उठला. "अहो आप्पा, हे काय करालाय?"

"आत काय हाय त्ये कसं कळणार?"

दुकानदारानं निमूटपणे एक तुकडा घेतला आणि वरचं साल काढून दाखवलं. आत आठ धागे होते. दोन-दोनाच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. परशाप्पा त्याच्यावर वाकले. इराप्पाही वाकले. दोघांच्या टोप्या एकमेकींना लागल्या.

"पीळ हाय रं, इराप्पा."

"हाय की. आणि बघ, हिचा पीळ दाट, तिचा इरळ. समद्यांचा येगळा."

"का हो, येगळा का?"

दुकानदार म्हणाला, सगळ्या जोड्यांचा पीळ सारखा ठेवला तर एकीतलं बोलणं दुसरीत घुसतं. यावर दोन्ही म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. "आमच्या गल्लीसारखं," इराप्पा म्हणाले. परशाप्पा त्या दिवसात पहिल्यांदा हसले. वायर म्हणजे परकी वस्तू नाही, तीही कुणीतरी नीट पिळून केलेली आहे, हे कळल्यावर त्यांचा जीव एकदम हलका झाला. हा हलका झालेला जीव मला तिथं काउंटरपाशी दिसला आणि मला परशाप्पा फार आवडले.

दुकानदारानं एक चपटी वायरही पुढं केली, ती त्यांनी बघताक्षणी बाजूला सारली. "ही फीत हाय. हिला पीळ कुठला?" चोवीस तर घरी दाराखाली फसलेलीच होती, तेव्हा राहिल्या अठ्ठावीस आणि बत्तीस. इराप्पांनी बत्तीस उचलली, कारण सर्वांत बारीक ते सर्वांत भारी, हा सुताचा हिशेब. म्हणून परशाप्पांनी अठ्ठावीस उचलली. दुकानदार म्हणाला, "आप्पा बरोबर हायती. बत्तीस लई नाजूक, टेबलावरच्या टेबलावर ठीक. घरातल्या घरात न्यायला अठ्ठावीस बास. गल्लीभर न्यायची असली तर मात्र जाडच घ्या." परशाप्पांनी बत्तीस नको, हे निव्वळ इराप्पांना हरवण्यासाठी ठरवलं होतं. पण परतीच्या वाटेवर त्यांनी मला त्याची चार कारणं सांगितली.

रंगावरून थोडं अडलं. अश्विनीनं भिंतीसारखी पांढरी सांगितली होती. परशाप्पांनी लाल घेतली. "देवाच्या भिंतीखालनं जाणार ती. पांढरी कशी न्यायची?" आणि एक न घेता दोन घेतल्या. जोडी असावी म्हणून.

वायर टाकायचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. सोप्यातल्या डब्यापासून मागाच्या खोलीतून भिंतीच्या पायथ्यानं, दाराखालून, स्वयंपाकघराच्या कडेनं मागच्या खोलीपर्यंत. गल्लीला आधी सांगून, दुपारभर माग बंद ठेवून ते गुडघ्यावर रांगत होते. दार लागलं. पूर्ण लागलं. आक्कांनी ते तीनदा उघडून लावून बघितलं आणि त्या रात्रीच्या जेवणात शेवयांची खीर होती. लाइनही जोरात चालली. अश्विनीनं बेंगळूरच्या मैत्रिणीला फोन लावून तासभर गप्पा मारल्या, एकदाही तुटली नाही. परशाप्पा हात पाठीमागं बांधून वायरीच्या कडेकडेनं फेऱ्या मारत होते. मी वाकून बघितलं. वायर अशी ताणून बसवली होती की बोटानं छेडली असती तर वाजली असती. मागावर उभा धागा चढवतात तशी, कुठं केसभर सैल नाही.

"काम कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"सुरेख," मी म्हणालो. मला तरी काय कळत होतं!

दुसऱ्या दिवशी अश्विनीची मोठी मीटिंग होती. वरचे साहेब, परदेशातलं गिऱ्हाईक, सगळे. याच मीटिंगवर तिचं राहणं ठरणार, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मला त्या दिवशी सुट्टी होती. मी सोप्यात पेपर घेऊन बसलो होतो आणि एकच बातमी पुन्हापुन्हा वाचत होतो. चारी माग जोरात चालले होते. मधेच मागाच्या खोलीच्या दारात अश्विनी येऊन उभी राहिली. तिच्या तोंडाची हालचाल दिसत होती, आवाज येत नव्हता. विणकरांच्या घरात ओठ वाचता येतात. परशाप्पांनी वाचलं आणि त्यांचा चेहराच उतरला. ते एकेका मागापाशी गेले आणि चारी बंद केले.

भर दुपारी त्या घरातले माग थांबले, म्हणजे गल्लीत एकच अर्थ. इराप्पा अनवाणी धावत आले. त्यांच्यामागं दोन-चार बायका, डोक्यावर पदर घेतलेल्या. "कोण गेलं रं?" इराप्पांनी दारातूनच विचारलं.

"लाइन गेली," परशाप्पा म्हणाले.

बायकांना काही कळेना, रडावं की परतावं. इराप्पा दारातल्या पायरीवर मटकन बसले आणि मित्राला त्यांनी अशा काही शिव्या दिल्या की त्या इथं लिहिता येणार नाहीत. त्यातली एक शिवी अर्धी कानडी होती.

दोष सापडायला वेळ लागला नाही. चार मागांनी जमीन हादरते. जमीन हादरते तशी ताणलेली वायर हादरली आणि तिनं डब्यात बसवलेलं आपलं टोकाचं टोपण खेचत खेचत त्याची प्लास्टिकची खिट्टी मोडली. टोपण अर्धं बाहेर आलं होतं. दुसरी वायर होतीच. अश्विनीनं फोनवरून साहेबांची माफी मागितली, वीज गेली असं काहीतरी सांगितलं, आणि संध्याकाळी पुन्हा बोलू असं कबूल करून घेतलं. मग ती बापासमोर जमिनीवर बसली.

"आप्पा, ढील सोडा थोडी."

"सैल काम..."

"ठाऊक हाय मला. खरं ही मागावरची न्हाय. हिला ताणलं की तुटती. सैल ऱ्हायली तर टिकती."

परशाप्पांनी ती लाल वायर हातात घेतली. जन्मभर ज्या गोष्टीला ते खोटं म्हणत आले, ती आता त्यांना स्वतःच्या हातानं, स्वतःच्या घरात, मुलीदेखत करायची होती. त्यांनी केली. प्रत्येक कोपऱ्यात बोटभर ढील, डब्यापाशी एक सैलसर वेटोळं. करताना ते दात-ओठ खात होते. काम संपल्यावर वेटोळं बघवेना म्हणून त्यांनी त्याच्यावर बाजारपेठेतल्या मारवाड्याचं कॅलेंडर टांगलं. संध्याकाळी माग बंद होते, पण मीटिंगच्या वेळी परशाप्पांनी मुद्दाम चारी चालू केले. "आता बघू दे," म्हणाले. वेडा माणूस! आक्का देवळीपुढं हात जोडून उभ्या, इराप्पा दाराशी, मी जिन्यावर. घर हादरत होतं. लाइन तुटली नाही.

अश्विनी राहिली. साहेबांचा होकार आला त्या दिवशी परशाप्पांनी गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला अठ्ठावीस नंबरचं महत्त्व समजावून सांगितलं. मग लोक त्यांच्याकडं वायरी दाखवायला आणायला लागले. कुणाची टीव्हीची, कुणाची चार्जरची. ते अंगठ्याखाली चोळून निकाल द्यायचे. चार्जरच्या वायरीबद्दल त्यांना काडीचंही कळत नव्हतं, पण निकाल ठाम असायचा. आणि रोज सकाळी माग सुरू करण्याआधी वायरीच्या कडेनं एक चक्कर ठरलेली. कुठं पीस साठलं असलं तर फडक्यानं पुसायचे.

वर्ष गेलं असेल. लाइन इतकी चांगली चालली, अश्विनीचं काम इतकं नीट झालं, की कंपनीनं तिला बढती दिली. हाताखाली माणसं आली. आणि त्या माणसांना समोर बसून सांभाळायचं, तर बेंगळूरला येऊन राहणं भाग होतं. तिनं दोन दिवस घरात सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं. तिला जायचं होतं, हे तिच्या आवाजातच कळत होतं. त्याचा तिला संकोच वाटत होता, हेही कळत होतं. मी त्या दिवशी आक्कांच्या आग्रहानं तिथंच जेवायला होतो आणि ताटातून डोळे वर काढायची माझी हिंमत झाली नाही.

"जा की," परशाप्पा म्हणाले. "बेंगळूर काय परदेश हाय व्हय?"

तेच शब्द, पण या वेळी ते समोरच्या घरात ऐकू गेले नसावेत. संध्याकाळी पायरीवर ते इराप्पांपाशी बसले होते. मग परशाप्पा म्हणाले, "चुकलंच माझं. वाईट वायर घ्यायला पायजे होती."

इराप्पांना एवढी संधी आयुष्यात मिळाली नव्हती. त्यांनी ती सोडून दिली. "न्हाय रं," ते म्हणाले. "वायर तू चांगलीच घेतलास." मित्राचं एखादं म्हणणं त्यांनी बिनशर्त मान्य केलेलं मी तेवढंच ऐकलं.

अश्विनी गेली. घरात तसा फरक काही पडला नाही. माग चालू, दार लागलेलं, भाकरी स्वच्छ. मागच्या खोलीतली वायर काढून ठेवा, आता काय उपयोग, असं आक्का एकदा म्हणाल्या. परशाप्पांनी ऐकलं न ऐकलं केलं.

पुढं माझी निपाणीला परत बदली झाली. सामान आधीच टेम्पोत गेलं होतं. मी किल्ली द्यायला आणि पाया पडायला खाली आलो. माग बंद होते. आक्का म्हणाल्या, "मागं हायती. जावा."

मागच्या खोलीत अश्विनीच्या टेबलावर तिचा जुना लॅपटॉप उघडा होता आणि लाल वायर त्याला लावलेली. समोर जमिनीवर परशाप्पा चरख्यावर कांड्या भरत बसले होते. पडद्यावर बेंगळूरची एक खोली, आणि अश्विनी. ती आमच्याकडं बघत नव्हती. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तिचं काम चाललं होतं, टाइप केल्याचा आवाज येत होता. परशाप्पाही तिच्याकडं बघत नव्हते. दोघंही एक अक्षर बोलत नव्हते. मी खालच्या आवाजात विचारलं, "फोन चालू आहे का?"

"सकाळधरनं," ते म्हणाले. "ती तिचं काम करालिया, मी माझं. बोलायचं काय असतंय रोज?"

मी थोडा वेळ दाराला टेकून उभा राहिलो. चरखा फिरत होता, धागा कांडीवर चढत होता. तेवढ्यात पडद्यावर अश्विनी उठली आणि बाहेर गेली, बहुतेक चहा करायला. नुसती खुर्ची दिसायला लागली. परशाप्पांनी मान वर केली नव्हती, पण त्यांचा हात थांबला. चरखा थांबला. ते त्या रिकाम्या खुर्चीसमोर मांडीवर हात ठेवून बसून राहिले. मला निरोप घ्यायचा होता, मी खिशातली किल्ली काढली. ती कप घेऊन परत आली, खुर्ची ओढून बसली. परशाप्पांनी खाली बघतच चरख्याला हात घातला.

मी किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि पाया न पडताच निघून आलो.